आफ्रिका शिकायची तर आधी एक भाषा

विद्यापीठात ‘आफ्रिकी भाषा आणि संस्कृती’ हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीने घ्यायचा दुय्यम विषय असावा का, हा वाद जिथे निघतो तिथे तो एकाच खड्ड्यात जाऊन पडतो. विरोधक विचारतात, स्वाहिली किंवा योरुबा शिकून मुलांना नोकरी कुठे मिळणार? समर्थक लगेच आकडे पुढे करतात: आफ्रिकेची लोकसंख्या वाढते आहे, २०५० च्या सुमारास जगातला दर चौथा माणूस त्या खंडातला असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, तिथे बाजारपेठ आहे, खनिजं आहेत, तेव्हा आतापासून तयारीला लागा. एक जण तोटा मांडतो, दुसरा नफा. वही दोघांची एकच. त्या वहीत ज्ञानाचा रकाना नाही आणि माणसांचा तर नाहीच. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा विषय विद्यापीठात हवा. तो मायनर म्हणूनच हवा. आणि त्याच्या मध्यभागी आफ्रिकेतली एक, कुठलीही एक, भाषा हवी. चार अभिवादनांपुरती नव्हे, निदान दोन वर्षं नेटाने शिकलेली. भाषा बाजूला काढून नुसती ‘संस्कृती’ शिकवणार असाल, तर त्या अभ्यासक्रमाच्या बाजूने मी उभा राहणार नाही.

नफ्याचा युक्तिवाद मला नको आहे, तो खोटा आहे म्हणून नव्हे. आफ्रिकी भाषा येणाऱ्यांना कामं मिळतात, हे खरंच आहे. पण जो विषय सोयीसाठी आत येतो त्याला सोय सरली की दार दाखवलं जातं, ही माझी भीती आहे. बर्लिनमध्ये १८८७ साली पौर्वात्य भाषांची एक संस्था निघाली आणि तिथे स्वाहिली शिकवली जाऊ लागली, कारण जर्मनीला पूर्व आफ्रिकेत वसाहत चालवायची होती आणि तिकडे जाणाऱ्या अंमलदारांना लोकांशी बोलता येणं गरजेचं होतं. पुढे अमेरिकेत तेच झालं. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणातून परकीय भाषांच्या केंद्रांना पैसा मिळू लागला आणि त्यात आफ्रिकी भाषाही आल्या. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ आहे. भाषा आली ती शीतयुद्धाची सामग्री म्हणून. अशा पायावर उभा असलेला वर्ग दर अंदाजपत्रकाला जीव मुठीत धरून बसतो. यंदा धोका कोणाचा? यंदा बाजार कुठला? भूमितीच्या वर्गाला दर वर्षी कोणी असं उभं करतं का?

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा खरं तर नोकरीचा नाहीच. तो असा: ‘आफ्रिकी संस्कृती’ नावाची एक गोष्ट मुळात आहे कुठे? ५४ देश, दोन हजारांच्या आसपास भाषा, म्हणजे जगातल्या एकूण भाषांचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर भाषा आहेत. त्यातली उत्तरेकडची हौसा ही अरबी, हिब्रू, अम्हारिक आणि प्राचीन इजिप्शियन यांच्या गोतावळ्यातली. नैर्ऋत्येकडची योरुबा पूर्ण वेगळ्या घराण्यातली. मादागास्करची मालागासी तर हिंदी महासागरापलीकडच्या बोर्निओ बेटावरच्या भाषांची सख्खी नातेवाईक. हे सगळं एका पाटीखाली कोंबायचं आणि त्याला विषय म्हणायचं, ही आळशी नजर नाही का? आहे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. ‘आफ्रिका परिचय’ नावाचा जो अभ्यासक्रम एका सत्रात पिरॅमिडपासून वर्णभेदापर्यंत धावत सुटतो, तो विद्यार्थ्याच्या डोक्यातला एकसंध, धूसर खंड आणखी पक्का करतो.

पण या आक्षेपाचं उत्तर विषय बंद करणं हे नाही. उत्तर आहे भाषा. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, भाषा ‘आफ्रिकी’ असूच शकत नाही. ती हौसा असते, वोलोफ असते, शोना असते. तिच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला खंडाबद्दल ढोबळ बोलण्याची सोयच उरत नाही. हौसा शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळतं, की शेजारच्या योरुबाचा एक शब्दही आपल्याला लागत नाही. पाटीचा खोटेपणा वर्गातच उघडा पडतो, आणि तो उघडा पाडायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

मी स्वतः स्वाहिली शिकलो ती अशीच, बाजूचा विषय म्हणून. माझा मुख्य विषय इतिहास. पहिल्या काही आठवड्यांतली एक गोष्ट माझ्या मनात अजून ताजी आहे. पुस्तकाला स्वाहिलीत ‘किताबु’ म्हणतात. अरबीतून आलेला शब्द, ऐकताक्षणी ओळखीचा. मग बाईंनी अनेकवचन सांगितलं: ‘विताबु’. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात. त्यातल्या एका वर्गाचं एकवचन ‘कि’ने सुरू होतं आणि अनेकवचन ‘वि’ने, ‘किसु’ म्हणजे सुरी, ‘विसु’ म्हणजे सुऱ्या. भाषेने त्या अरबी शब्दातला पहिला ‘कि’ पाहिला, तो आपलाच उपसर्ग समजून घेतला आणि पाहुण्या शब्दाला घरच्या पंगतीत बसवून टाकलं. मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला तिथे वेगळंच काही दिसलं. किल्वा, लामू, मोम्बासा ही पूर्व किनाऱ्यावरची शहरं अरबांनी आणि इराण्यांनी येऊन बसवली, स्थानिकांचा वाटा फक्त राबण्याचा, असं वसाहतकाळातले लेखक लिहीत आले. मग या शहरांची भाषा अरबी शब्द इतक्या सहज पोटात घालूनही व्याकरणाने बांटू या आफ्रिकी भाषाकुळातलीच कशी राहिली? बाहेरून आलेल्यांनी सगळं उभारलं असतं तर कोणाच्या भाषेने झुकायला हवं होतं? लामू द्वीपसमूहातल्या शांगा इथल्या १९८० च्या दशकातल्या उत्खननांत वस्तीची मुळं स्थानिक असल्याचं दिसलं. २०२३ साली किनाऱ्यावरच्या जुन्या दफनांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इसवी सन १००० च्या आसपास इराणकडून आलेले पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या वंशांची सरमिसळ झाल्याचं आढळलं. म्हणजे येणारे आले होते, त्यांच्या वंशजांनी तसं सांगितलं तेही निराधार नव्हतं. पण मुलांच्या तोंडी भाषा आयांची राहिली. हा सगळा पेच ‘किताबु–विताबु’ या एका जोडीत मला आधी भेटला आणि पुस्तकात नंतर.

दुसरं उदाहरण जास्त परिचित शब्दाचं घेतो. ‘उबुंटू’ आज व्यवस्थापनाच्या भाषणांत असतो, पोस्टरवर असतो, एका संगणकप्रणालीचं तर ते नावच आहे. त्याचा अर्थ विचारला की ‘आफ्रिकी बंधुभाव’ असं काहीतरी सांगितलं जातं आणि विषय संपतो. झुलू शिकणाऱ्याला तो असा सुटा भेटत नाही. ‘उमुंटू’ म्हणजे माणूस, ‘अबांटू’ म्हणजे माणसं, ‘उबुंटू’ म्हणजे माणूसपण. मूळ तेच, पुढचा उपसर्ग तेवढा बदलतो. माणूस माणसांमुळे माणूस होतो, ही प्रसिद्ध झुलू म्हण याच एका मुळावर उभी आहे. ती ऐकताना कानाला आधी व्याकरण लागतं आणि मग तत्त्वज्ञान. स्वाहिलीत हेच मूळ ‘म्तु’, ‘वातु’ आणि ‘उतु’ या रूपांत भेटतं. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने या शेकडो भाषांचं नातं ओळखलं आणि त्याच मुळातून त्यांना ‘बांटू’ हे नाव दिलं. माणसं, एवढाच त्याचा अर्थ. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने पुढे तोच शब्द उचलून काळ्या माणसांवर शिक्क्यासारखा मारला. १९५३ च्या ज्या कायद्याने त्यांच्या मुलांना मुद्दाम दुय्यम शिक्षण दिलं त्याचं नाव ‘बांटू शिक्षण कायदा’. ‘माणसं’ हाच शब्द तिथे अपमान झाला. एका मुळात भाषाशास्त्र, राज्यसत्ता आणि नीतिविचार असे एकमेकांत गुंतलेले असतात. भाषांतरित उताऱ्यांच्या संकलनातून हे कोणाच्या हाती लागणार?

आता दुसरा मोठा आक्षेप, आणि तो मला खरोखर टोचतो. हे शास्त्रच वसाहतवाद्यांनी जन्माला घातलं. आफ्रिकेबाहेरच्या विद्यापीठाने आफ्रिका शिकवायची म्हणजे तेच जुनं ओझं पुन्हा डोक्यावर घेणं. याचे पुरावे जागोजाग आहेत. आफ्रिकी भाषांसाठी हॅम्बुर्गमध्ये १९०९ साली जे अध्यासन निघालं ते तिथल्या वसाहत-संस्थेत, आणि त्यावर बसलेले कार्ल माइनहोफ यांनी भाषांच्या वर्गीकरणात वंश आणून घातला. गुरं पाळणाऱ्या, उजळ वर्णाच्या मानलेल्या लोकांच्या भाषा ‘हामी’, म्हणून वरच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या फुला पशुपालकांची भाषा त्यांनी याच चौकटीत बसवली. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ लिओ फ्रोबेनियस यांनी १९१० साली नायजेरियातल्या इफे इथली अप्रतिम शिल्पं पाहिली आणि ती बुडालेल्या अटलांटिसची खूण ठरवली. योरुबा कारागिरांनी ती घडवली असतील हे त्यांना पटेना. ग्रेट झिम्बाब्वेची दगडी नगरी आफ्रिकी माणसांनीच बांधली, हे उत्खननातून १९०५ साली एकदा आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांच्या कामातून १९२९ साली पुन्हा सिद्ध झालं, तरी ऱ्होडेशियातलं, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतलं, गोऱ्यांचं सरकार १९७० च्या दशकातही ते उघड मान्य करायला कचरत होतं. ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९६३ साली जाहीर सांगितलं, की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहास नाही, आहे तो युरोपीयांचा तिथला इतिहास, बाकी सगळा अंधार. आफ्रिकेच्या इतिहासाला वाहिलेलं एक संशोधनपत्र त्याआधी तीनच वर्षं, १९६० मध्ये, त्यांच्याच देशात सुरू झालेलं होतं.

हे सगळं कबूल करूनही मी विचारतो: या चुका दुरुस्त कशाने झाल्या? फुलाचंच पाहा. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कातडीचा रंग, गुरं, चेहरेपट्टी हे सगळं बाजूला सारलं आणि फक्त शब्द आणि व्याकरण समोर ठेवलं. फुला त्यांना सेनेगलच्या वोलोफ आणि सेरेर यांच्या कुटुंबात सापडली. वंशाची इमारत भाषेच्या पुराव्याने पडली. ट्रेव्हर-रोपर यांना अंधार दिसला, कारण त्यांच्या लेखी इतिहास म्हणजे युरोपीय लिपीतला कागद. इतिहासकार यान व्हान्सिना यांनी मध्य आफ्रिकेत लोकांची भाषा शिकून मौखिक परंपरा पुरावा म्हणून कशी तपासायची याची पद्धत घालून दिली. शिवाय हे शास्त्र एकट्या युरोपीयांनी उभारलं हेही खरं नाही. सॅम्युएल अजायी क्राउदर हा योरुबा मुलगा गुलाम म्हणून पकडला गेला, १८२२ साली जहाजावरून सुटला आणि १८४३ मध्ये त्याने आपल्या भाषेचा शब्दसंग्रह छापून आणला. गिनीच्या सोलोमाना कान्ते यांनी १९४९ साली पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे भाषांसाठी स्वतःची लिपी घडवली, ती आजही वापरात आहे. संस्कृतचा अभ्यासही युरोपात आधी राज्यकारभाराच्या सोयीनेच गेला. विल्यम जोन्स न्यायाधीश होते, कायद्याचे ग्रंथ मुळातून वाचायचे म्हणून ते संस्कृतकडे वळले. आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगणाऱ्या त्यांच्या १७८६ च्या व्याख्यानानंतर तुलनात्मक भाषाशास्त्र ज्या वाटेने गेलं ती कोणत्याही कंपनी सरकारच्या हिशेबात नव्हती. हेतू मळका होता म्हणून ज्ञान टाकायचं की हेतू बदलायचा?

खुद्द आफ्रिकेतून आलेला एक युक्तिवाद मात्र बाहेरच्या विद्यापीठांनी जपून ऐकावा. १९६८ साली नैरोबी विद्यापीठात केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि ताबान लो लियोंग यांनी इंग्रजी विभागच बंद करा अशी मागणी करणारं टिपण दिलं. त्यांचा प्रश्न केंद्राचा होता: आफ्रिका मध्यभागी ठेवून बाकीचं जग तिच्याभोवती का मांडू नये? न्गुगींनी १९७७ साली केनियाच्या सत्ताधाऱ्यांवर टीका करणारी कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध केली, ती बिनबोभाट विकली गेली. त्याच वर्षी कामिरीथू गावात शेतकऱ्यांना आणि कामगारांना घेऊन त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक केलं. नाटकावर बंदी आली आणि वर्षअखेरीस लेखक तुरुंगात गेला. भाषा बदलली की ऐकणारा बदलतो, आणि सत्तेला ते संशोधकांच्या आधी कळतं. हे वाचून कोणी म्हणेल, मग हा अभ्यास नैरोबीत, इबादानमध्ये, डाकारमध्येच होऊ द्या, तुम्ही कशाला मध्ये येता? तिथे तो व्हावाच, आणि अभ्यासाची दिशा तिथल्या विद्वानांनीच ठरवावी. पण बाकीच्या जगाने आफ्रिकेविषयी इंग्रजी-फ्रेंचमधूनच निर्णय घेत राहायचं, हा नम्रपणा नाही; ती जुनीच सोय आहे. ऐकण्याची तयारी दोन्ही बाजूंनी लागते, आणि बाहेरच्यांच्या बाजूची तयारी म्हणजे भाषा शिकणं.

मग ‘मायनरच’ का? टीकाकारांचं म्हणणं, करायचं तर पूर्ण पदवी करा. मायनर म्हणजे थोडंसं शिकून पुष्कळ कळल्याचा भास. धोका खरा आहे. तरीही मला मायनर जास्त मोलाचा वाटतो तो याचमुळे की तो एकटा येत नाही. तो शिकणाऱ्याच्या हातात आधीच एक दुसरी विद्या असते. कायदा, वैद्यक, संगणकशास्त्र, शेतीशास्त्र. आफ्रिकेविषयीचं ज्ञान वेगळ्या दालनात कुलूपबंद ठेवायचं आणि कायद्याच्या वर्गात मात्र जगात जणू चारच भाषा आहेत असं शिकवायचं, ही आजची रीत. मायनर ते कुलूप काढतो.

कायद्याचंच उदाहरण घ्या. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने टांझानियातल्या अरुशा इथे २ सप्टेंबर १९९८ रोजी टाबा गावसमूहाचे प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू यांना दोषी ठरवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून नरसंहाराच्या गुन्ह्यासाठी कोणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ, आणि बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य असू शकतं हे याच निकालाने मांडलं. न्यायालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, साक्षीदार बोलत रवांडाची भाषा, किन्यारवांडा. न्यायाधीशांना निकालपत्रात थांबून शब्दांचा अर्थ लावावा लागला. ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळ; १९६० च्या दशकातल्या तुत्सी, म्हणजे १९९४ मध्ये ज्यांची कत्तल झाली त्या समाजातल्या, निर्वासितांच्या सशस्त्र टोळ्यांपासून चालत आलेला हा शब्द १९९४ मध्ये कोणाकडे बोट दाखवून, कोणत्या सुरात उच्चारला, यावर तो गुन्ह्याचा पुरावा होतो की नाही ते ठरणार होतं. ‘इन्कोतान्यी’ हा शब्द बंडखोर सैन्यासाठी, पण केव्हा तो सरसकट सगळ्या तुत्सींवर फेकला जात होता? बलात्कारासाठी साक्षीदार स्त्रियांनी वापरलेले शब्द सौम्य, आडवळणाचे होते. त्यांचा अर्थ भाषातज्ज्ञाच्या साक्षीशिवाय लागेना. नाजूक प्रश्नाला थेट उत्तर न देण्याची तिथली रीत आणि मौखिक समाजात पाहिलेलं-ऐकलेलं एकत्र सांगण्याची सवय, यांचीही न्यायालयाने दखल घेतली. नाहीतर बुजऱ्या साक्षीदाराला खोटारडा ठरवायला किती वेळ लागतो? कॅनडात रवांडाचे राजकारणी लेओं मुगेसेरा यांच्या १९९२ च्या किन्यारवांडा भाषणावरून दीर्घ खटला चालला, २००५ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्या भाषणाचं कोणतं भाषांतर ग्राह्य धरायचं, हा त्यात कळीचा प्रश्न होता. अशा खटल्यांत दुभाषा लागणारच. पण दुभाष्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे वकिलाला कळायला त्या भाषेची दोन वर्षं पुरतात. त्यासाठी पूर्ण पदवी लागत नाही.

वैद्यकातही असंच घडलं. पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ गिनीतल्या मेलियांदू या गावातून २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाल्याचं मानलं जातं. तो सगळा भाग किस्सी भाषकांचा, आणि ते गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तिन्ही देशांच्या सीमेवर पसरलेले. नकाशावरच्या सीमा ओलांडून आजार त्यांच्या नात्यागोत्यांतून गेला. सुरुवातीच्या सूचना मात्र मोठ्या प्रमाणात फ्रेंच आणि इंग्रजीत होत्या, आणि ‘या आजारावर उपाय नाही’ असं सांगणाऱ्या. उपाय नाही, तर माणूस उपचार केंद्रात कशासाठी नेऊन द्यायचा, हा लोकांचा प्रश्न अगदी तर्कशुद्ध होता. मृतदेहाला स्नान घालण्याच्या विधीतून संसर्ग पसरत होता, आणि पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी माणसांनी तो विधी नुसता हिसकावून घेतला. सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने काढली ती २०१४ च्या उत्तरार्धात. तिच्या मागे मानववंशशास्त्रज्ञ आणि गावातली वडीलधारी माणसं होती. अकरा हजारांहून अधिक माणसं गेली. भाषा येणारे चार डॉक्टर असते तर साथ थांबली असती, असा दावा मी करणार नाही. पण ‘इंग्रजी-फ्रेंच येतं तेवढं पुरे’ हे वाक्य या साथीनंतर कोणी म्हणू नये.

आणि यंत्रं? भाषांतर करणारी यंत्रं आल्यावर भाषा कशाला, हा नवा आक्षेप. योरुबात ‘ओको’ हीच अक्षरं सुरांच्या चढउतारानुसार नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतात. लिहिताना वर-खाली खुणा द्याव्या लागतात, आणि आंतरजालावर लिहिणारे त्या बहुधा गाळतात. यंत्र त्याच मजकुरावर शिकणार. ‘मासाखाने’ या नावाने आफ्रिकी संशोधक एकत्र येऊन आपल्या भाषांसाठी यंत्रांना लागणारा मजकूर आणि तंत्र घडवत आहेत; या झुलू शब्दाचा अर्थ ‘चला, मिळून बांधू’. त्यांच्या बरोबरीने बसायला संगणकाच्या विद्यार्थ्याला त्यातली एक तरी भाषा कानाने ओळखता यायला हवी. याच चढउतारांनी भाषाशास्त्रालाही एकदा हलवलं होतं. स्वर गळून पडला तरी त्यावरचा सूर मागे उरतो आणि शेजारच्या स्वरावर जाऊन बसतो, हे इग्बोसारख्या भाषांत दिसलं. त्यातून सूर आणि ध्वनी हे वेगवेगळ्या पातळ्यांवर चालतात हा सिद्धांत अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ मध्ये मांडला, आणि पुढे इंग्रजी वाक्यातल्या चढउतारांचं विश्लेषणही त्याच वाटेने झालं. आफ्रिकी भाषांनी इंग्रजी कशी ऐकायची ते शिकवलं. हा रकाना नोकरीच्या वहीत कुठे मांडणार?

म्हणून भाषेविना चालणाऱ्या मायनरला माझा विरोध इतका टोकाचा आहे. तो हमखास मुखवट्यांपाशी जाऊन थांबतो. योरुबांचा गेलेदे घ्या. लाकडी मुखवटा काचेच्या पेटीत सुंदर दिसतो, विद्यार्थी त्यावर निबंध लिहितात. पण गेलेदे हा वयोवृद्ध स्त्रियांच्या, मातांच्या शक्तीला आळवणारा सोहळा आहे, आणि त्यात गायली जाणारी योरुबा गाणी समाजातल्या चुकांची नावं घेऊन हजेरी घेतात. युनेस्कोने २००१ साली गेलेदेचा गौरव केला तो मौखिक वारसा म्हणून. पेटीत मुखवटा आला, गाणं बाहेर राहिलं. त्या निबंधाला संस्कृतीचा अभ्यास म्हणायचं का?

माझी मागणी मोठी नाही. चार सत्रं एकच भाषा. त्यानंतर विद्यार्थ्याच्या मुख्य विषयातला एक प्रबंध, ज्यात त्या भाषेतला मजकूर मुळातून वापरलेला असेल. जमेल तिथे एक सत्र दार-एस-सलाम किंवा इबादानसारख्या विद्यापीठात. विद्यार्थी कमी येतात म्हणून वर्ग परवडत नाही, या तक्रारीवर दोन-तीन विद्यापीठांनी मिळून एक भाषा चालवावी. सगळ्यांनी सगळ्या भाषा चालवण्याची गरज नाही. आणि सर्वांत आधी भाषा शिकवणाऱ्याला कायम जागा. हे मी अनुभवाने लिहितो. मी जिथे शिकलो तिथे आम्हाला स्वाहिली शिकवणाऱ्या बाई तासावर होत्या. त्यांचं बोलणं ऐकून आमचे कान तयार झाले, त्यांनी आणलेली जुनी वर्तमानपत्रं आम्ही अडखळत वाचली. आमची चार सत्रं कशीबशी पूर्ण झाली. पुढच्या वर्षी पटसंख्येचं कारण देऊन त्यांचे तास काढून घेण्यात आले आणि मायनरचं नाव तसंच ठेवून त्यात ‘आफ्रिकी कला: एक ओळख’ हा पेपर आला. आमच्या मागच्या तुकडीत सहा जण होते. ते ‘विताबु’पर्यंत आले होते.